सात नंबरचा दमा

सोमवार, २

कामाची वही पलंगाच्या कडेला दोरीने टांगलेली असते. ती कुणीही उघडावी, वाचावी, त्यासाठीच ती आहे. ही वही माझ्या कपाटात, स्वेटरांखाली. हिच्यात वेळ लिहायची सक्ती नाही, तरी सवयीने लिहिते: दुपारचे दोन चाळीस.

सासूबाईंना झटका आला त्याला आज सत्त्याहत्तर दिवस झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं, चेहऱ्याची उजवी बाजू उतरली. समज शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. बोलण्यातून चार उद्गार उरले: ‘अगंबाई’, ‘छे’, ‘हं’ आणि ‘बरं बरं’.

मी बिनपगारी रजेवर. नवरा नोकरीच्या गावी असतो, शनिवारी येतो, रविवारी जेवून जातो. सत्त्याहत्तर दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, “थोडे दिवस सांभाळ.” थोडे म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. एरवी मी एकक विचारल्याशिवाय आकडासुद्धा लिहून घेत नाही.

आज प्रयोगशाळेतून प्रमुखांचा फोन आला. माझी जागा ३० तारखेपर्यंत राखून ठेवता येईल, पुढे नाही. “तुमचं उद्गारांचं प्रकरण अर्धवट पडलंय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाला द्यायचं जिवावर येतं हो.” आमचं काम असं: फोनवर बोलणारा माणूस रागावलाय, कंटाळलाय की हसतोय, हे यंत्राला कळलं पाहिजे. त्यासाठी हजारो संभाषणं ऐकायची आणि प्रत्येक ‘अरे’वर, ‘अय्या’वर, ‘च्च’वर, प्रत्येक हसण्यावर खूण करायची. खुणा कशा करायच्या त्याची नियमावली मी लिहिते आहे. हसण्याचं प्रकरण लिहून झालंय, उद्गारांचं राहिलंय.

“बघते,” मी म्हणाले. ‘बघते’ म्हणणारा माणूस सहसा काही बघत नसतो.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. “हं,” म्हणाल्या. नोंद केली: हं, उतरता, ०.४ सेकंद.

बुधवार, ४

मी परत कामावर का जाऊ शकत नाही, ते एका अक्षरात सांगता येतं. कामाच्या वहीत त्याची खूण ‘श्वा’. श्वास अडकणं. सासूबाईंचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, तोंड उघडं राहतं, छाती आत ओढली जाते आणि श्वास आत जाताना गळ्यातून करकरणाऱ्या दारासारखा बारीक आवाज येतो. दहा-पंधरा सेकंद, मग शांत. दिवसातून दोन-तीन वेळा.

पहिली आया चार दिवस टिकली, दुसरी एक. तिसऱ्या ठिकाणाहून बाई आल्या त्यांनी माझी वही चाळली, श्वा-चा तक्ता वाचला आणि हात जोडले. “ताई, इतकं जिवावरचं पेशंट आम्ही नाही घेत.” तक्ता मात्र चांगला झाला होता.

म्हणून उशीपाशी मायक्रोफोन आणि माझ्या कानात त्याचं टोक. मी स्वयंपाकघरात असो, न्हाणीघरात असो, असते त्या उशीपाशीच.

डॉक्टरांनी गिळण्याची चाचणी केली, काही दोष नाही. फुप्फुसं स्वच्छ. प्राणवायू मोजायचा चिमटा मी प्रत्येक वेळी बोटाला लावते: ९७, ९७, ९८. यंत्र उशिरा दाखवत असावं. दुसरं मागवलंय.

सासऱ्यांच्या मते हा दमा. “लग्न झाल्यापासून आहे तिला. मी काही समजावून सांगायला बसलो की हमखास उठायचा. तोंड भिंतीकडे करून बसायची बिचारी. हवेत धूळ असते गं.” म्हणून एकेचाळीस वर्षं ते बोलायला बसण्याआधी खिडक्या लावून घेतात.

आजचा पहिला श्वा सकाळी १०.१२ ला. नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. सासरे पाणीखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी त्याला दारातच थांबवून दाब, वायसर आणि खात्याचा इतिहास वीस मिनिटं समजावला. “काका, मेन व्हॉल्व्ह बंद आहे ना?” त्याने दोनदा विचारलं. “मला शिकवतोस?” म्हणत सासऱ्यांनी स्वतः नळ खोलून दाखवला. नळाचं डोकं उडालं. सासरे चष्म्यासकट भिजून सासूबाईंच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दाब चांगला आहे.”

त्याच क्षणी श्वा. अठरा सेकंद. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हवेत अचानक ओलावा.

शुक्रवार, ६

वाचाउपचाराच्या बाई येऊन गेल्या. मी विचारलं, सगळे शब्द गेले आणि हे चारच कसे वाचले? त्या म्हणाल्या, “घर जळालं तरी दगडी उंबरा राहतो ना, तसं समजा. शब्द आतल्या खोलीतले. उद्गार त्यांच्याही आधीचे, दारातले.”

हे नियमावलीत घालण्यासारखं आहे. उद्गार मुळात काहीतरी करतच असतो. ‘फू’ म्हणजे फुंकर, ‘थू’ म्हणजे थुंकणं, ‘हुश्श’ म्हणजे ओझं उतरल्यावर सुटलेला श्वास. करणं गेलं, आवाज उरला. ‘आई गं’ ही तर सरळ हाक आहे. हाक मारणारा मोठा होतो, म्हातारा होतो, यायला आई नसते, तरी ठेच लागली की हाक निघते.

शाळेत आम्ही केवलप्रयोगी अव्ययं पाठ केली होती. हर्षाची, शोकाची, तिरस्काराची, आणि शेवटी एक गट पादपूरणार्थक. ‘आपला’, ‘बापडा’, ‘म्हणे’. वाक्यातून काढले तरी वाक्याचं काही अडत नाही. या घरातून मला काढलं तर सगळं अडेल असं सगळे म्हणतात. नियमावलीतून काढलं तर काही अडणार नाही, ३० नंतर ती दुसरं कुणीतरी पुरी करेल.

रात्री हसण्याचं प्रकरण पुन्हा वाचून काढलं. नियम चार मला अजूनही आवडतो: ‘हसू श्वास सोडताना येतं. श्वास आत घेतानाचा आवाज हसू म्हणून धरू नये, खोकला, धाप किंवा त्रास अशी खूण करावी.’ नेमका आहे.

रविवार, ८

नवऱ्याने आईसाठी चित्रांचा तक्ता आणला होता. पाण्याचा पेला, पलंग, शौचालय, सूर्य. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने, एकेक अक्षर ताणून बोलू लागला. “आऽऽई, हे काऽऽय? पेऽऽला! पेऽऽल्यात काऽऽय? पाऽऽणी!”

सासूबाईंनी तक्त्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. आणि स्पष्ट म्हणाल्या, “आयला.”

सासरे म्हणाले, “एकेचाळीस वर्षांत हिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नाही.” नवरा म्हणाला, “आई असं बोलत नसे.” मग श्वा सुरू झाला, चौदा सेकंद, आणि तो तक्ता फेकून पाण्यासाठी धावला.

पाचवा उद्गार म्हणून नोंद केली. मूळ: एक अख्खी शिवी. शेवटचा भाग झिजून गेला, सुरुवातीचा उरला, आणि आता ती बऱ्या घरातही चालते. सासूबाईंकडे कुठून आली, माहीत नाही. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणजे दिवसभर ‘नमस्कार’ आणि ‘कृपया थांबा’.

जाताना नवरा दारात म्हणाला, “तू हल्ली हसत नाहीस.” मी म्हटलं, “आधीही फार नव्हते.” त्याने बॅग उचलली. “थोडे दिवसच गं आता.”

बुधवार, ११

कानातल्या यंत्राचा पल्ला मोजला. वर गच्चीवर टाकीपर्यंत. खाली फाटकापासून बावीस पावलं. तेविसाव्या पावलाला खरखर, पंचविसाव्याला काही नाही. कोपऱ्यावरचं दुकान साठाव्या पावलावर, म्हणजे बिस्किटं घरपोचच मागवायची.

आज बावीस पावलं चालून उभी राहिले. समोर दुकानदार शटर पुसत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काही हरवलं का गं?” “नाही.” “मग अशी का उभी?” कानात सासूबाई कूस बदलत होत्या.

कधीकधी वाटतं, एकदाचं काय ते... वाक्य पुरं करत नाही. नियमावलीत अशा वाक्याला ‘खंडित’ म्हणतात.

संध्याकाळी त्यांचे केस विंचरले. डाव्या कानाच्या वर कवटीला एक उथळ खाच आहे, हेडफोनच्या पट्टीने पडलेली. बोट ठेवलं तर बसतं. त्यांनी डावा हात वर केला आणि माझ्या कानातल्या टोकाला हात लावला. मला वाटलं टोचतंय, म्हणून मी बाजूला झाले. “छे,” म्हणाल्या. काय छे, ते कळलं नाही.

रविवार, १५

आज सर्वांत मोठा श्वा. बावन्न सेकंद.

नणंद आली होती, आम्ही तिला ताई म्हणतो. तिने बागेतल्या हास्यवर्गात नाव घातलंय. “हसण्याने प्राणवायू वाढतो,” ती म्हणाली.

“सत्त्याण्णव आहे,” मी म्हणाले.

“मग नव्व्याण्णव होईल! उठा सगळे!”

आईच्या पलंगाभोवती तिने आम्हाला गोल उभं केलं. “हात वर! पोटातून! हाऽ हाऽ हाऽ! होऽ होऽ होऽ! बाबा, मोठ्याने!” सासऱ्यांनी हात वर केले आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सांगावं तसं “हो. हो. हो.” म्हणाले. त्यांची पँट थोडी खाली आली, ती त्यांनी कोपराने धरली. नवरा म्हणाला, “हा.” एकदाच. माझी पाळी आली तेव्हा मी नियमाप्रमाणे हसले. चार स्पंदनं, मध्ये पाव-पाव सेकंद.

सासूबाईंची नजर एकेकावरून फिरत माझ्यापर्यंत आली, आणि श्वा सुरू झाला. चेहरा जांभळा. डाव्या हाताने चादर पिळत होत्या. मी चिमटा लावला, पाणी आणलं, पाठ चोळली. थांबतोय असं वाटलं की त्यांची नजर सासऱ्यांच्या पँटवर जायची आणि पुन्हा.

ताई रडायला लागली. “मी मारलं असतं आज आईला!”

मग स्वयंपाकघरात सगळे बसले. नवरा म्हणाला, “आता बोलायचं काय राहिलंय? हिला एक मिनिट एकटं सोडता येत नाही. राजीनामा देऊन टाक. आईपेक्षा मोठं आहे का काही?”

“नाही,” मी म्हणाले. बावन्न सेकंदांपुढे ठेवायला माझ्याकडे दुसरा आकडा नव्हता.

सोमवार, १६

नवऱ्याने राजीनाम्याचा मसुदा पाठवला. सात ओळी. खाली: ‘हाहा, शुद्धलेखन तूच तपास.’ मी ‘हाहा’ लिहून पाठवलं.

मोजलं. गेल्या आठवड्यात मी चौदा वेळा ‘हाहा’ लिहिलं. प्रत्यक्ष हसले शून्य वेळा. कालची चार स्पंदनं धरलेली नाहीत.

गुरुवार, १९

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

चार वाजता बेल वाजली. दारात एक ठेंगणी म्हातारी बाई. पांढरा बॉबकट, हातात काठी, काठीला सायकलची घंटी बांधलेली.

“सात नंबर आहे का?”

“हे बारा नंबरचं घर आहे.”

“घर नाही गं पोरी, बाई! तुझी सासू. एक्स्चेंजमध्ये नावं कुठे होती आम्हाला? बोर्डाचे नंबर. ती सात, मी नऊ. आठ नंबर दोन वर्षांमागे गेली, म्हणून आता आम्ही दोघी शेजारी.”

बातमी तिला परवा कळली होती. मी खुर्ची दिली, ती पलंगावरच बसली. सासूबाईंचा डावा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. “काय गं सात नंबर, लाइन तोडून बसलीस?” सासूबाईंचे डोळे भरले. “अगंबाई,” म्हणाल्या. “अगंबाई, अगंबाई.”

नऊ नंबर रडली नाही. काठीची घंटी वाजवून म्हणाली, “ते दोघे भाऊ आठवतात का? भांडलेले? एकमेकांना फोन लावायचे आणि बोलायचे तुझ्याशी. ‘बाई, त्याला सांगा, तू माझा भाऊ नाहीस.’ ‘बाई, त्याला सांगा, ऐकू आलं.’ आणि त्या दिवशी थोरल्याला ठसका लागला, तर धाकटा ओरडला, ‘पाणी पी रे गाढवा!’ आणि लगेच तुला म्हणतो, ‘बाई, हे त्याला सांगू नका!’”

श्वा. मी चिमटा घेऊन धावले.

“ते काय लावतेस?”

“सरका जरा. श्वास अडकलाय त्यांचा.”

“कुणाचा?” तिने माझं मनगट धरलं. “अगं, बस खाली. हसतेय ती.”

आणि ती स्वतःही सुरू झाली. तोच चेहरा, तीच आत ओढलेली छाती, तोच करकरणारा आवाज. पलंगावर दोन बायका, दोन श्वा. मी चिमटा हातात धरून मध्ये उभी.

डोळे पुसून तिने सांगितलं. सुपरवायझर मागे काठी गिळल्यासारखी उभी असायची. ड्यूटीवर कुणी हसली की तिची खुर्ची दिवसभर काढून घ्यायची. आणि लोक तर असं काय काय बोलायचे! श्वास सोडून हसलं की ते पलीकडे ऐकू जातं. आत ओढून हसलं तर जात नाही. “नव्या पोरीला तिसऱ्या दिवशी शिकवायचो. तीस जणी एका रांगेत, तोंडं बोर्डाकडे, आणि सगळ्या आत ओढतायत! बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दम्याचा दवाखाना.”

“घरी गेल्यावरही?”

“सवय लागली की लागली. माझा मुलगा जन्मला तेव्हा मी अशीच हसले. डॉक्टर घाबरला.” मग सासूबाईंकडे वळून, “आयला, हिला माहीतच नव्हतं का गं?”

“छे,” सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवार, २०

उशीपाशीच्या मायक्रोफोनवर साठलेल्या पंच्याण्णव दिवसांच्या ध्वनिफिती काढून बसले. एकूण श्वा दोनशे एकतीस. प्रत्येकाच्या आधीचं अर्धं मिनिट ऐकलं आणि नवा रकाना केला.

सासरे बोलत असताना एकशे बारा. नवऱ्याचा आवाज, प्रत्यक्ष किंवा फोनवर, सत्तावन्न. ताई एकोणीस. टीव्हीवरच्या बातम्या अकरा. नऊ नंबर एक. उरले एकतीस. त्या वेळी खोलीत फक्त मी होते.

ते एकतीस दोनदा ऐकले. “आई, मी आता तुमची उशी पंधरा अंशांनी वर घेतेय.” श्वा. “आई, आजचा ‘हं’ कालच्यापेक्षा दशांश एक सेकंदाने लांब होता.” श्वा, बावीस सेकंद. मी चिमट्यावरचा आकडा गंभीरपणे वाचून दाखवते, त्यावर नऊ वेळा.

आधी राग आला. मग कानशिलं तापली, आणि ती रागाने नव्हे. हसणं काय असतं हे यंत्राला शिकवण्यासाठी मला नेमलंय. नियम चार खोडला. दोन ओळींचा नियम, खोडायला तीन रेघा लागल्या.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मी दोन महिने सांगतोय, दोष काही सापडत नाही. तुम्ही दर वेळी मला तक्ता दाखवता.”

मग सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “आई, मी पंच्याण्णव दिवस तुमच्या हसण्याला पाणी पाजलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “बरं बरं,” म्हणाल्या आणि दोनशे बत्तिसावा सुरू झाला. दुसरं यंत्र दुपारीच आलं होतं. तेही लावून पाहिलं. ९७.

शनिवार, २१

सगळ्यांना बसवून सांगितलं. नऊ नंबरचं सगळं, नवा तक्ता, डॉक्टरांचं म्हणणं. कुणाच्या वाट्याला किती, ते आकडे वगळले.

ताई म्हणाली, “अय्या!”

सासरे म्हणाले, “मग दमा?”

मी नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे मी बोलायला लागलो की...” त्यांनीही पुरं केलं नाही. उठले, सासूबाईंच्या खोलीत गेले आणि एकेक करून खिडक्या उघडल्या. एक अडकली होती, ती बुक्की मारून उघडली.

मी नवऱ्याला म्हटलं, “म्हणजे आता आया राहू शकेल. मला तीसला रुजू होता येईल.”

“अगं, पण आता तर उलट उत्तमच झालं,” तो म्हणाला. “धोका नाही, म्हणजे तुलाही ताण नाही. आरामात राहशील घरी. परकी बाई कशाला? आणि आईचं बोलणं तिला काय कळणार? तुझ्याशिवाय कळतं का कुणाला?”

“खरंच गं,” ताई म्हणाली. “तू तर तिची जीभ झालीस.”

“मसुद्यातली कारणाची ओळ तेवढी बदल,” तो म्हणाला. चिडलेला नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हातही ठेवला.

इतके दिवस मी समजत होते की मला श्वा-ने अडवून ठेवलंय. तो पुसून टाकला आणि पाहिलं, तर मी होते तिथेच आहे. बावीस पावलं.

बुधवार, २५

मसुदा अजून पाठवलेला नाही. न पाठवण्याचं कारणही लिहिता येत नाही.

दुपारी सासरे स्वयंपाकघरात आले. हातात कामाची वही. “सूनबाई, हे ‘हं, उतरता’ म्हणजे काय?”

“नको, किंवा पुरे.”

“आणि चढता?”

“पुढे सांगा.”

त्यांनी पानं उलटली. “माझ्या बोलण्यावर चढता किती वेळा आलाय?”

खोटं सांगता आलं असतं. “चार वेळा, बाबा.”

“कशावर?”

“तीनदा तुम्ही चहा हवा का विचारलंत तेव्हा. एकदा नळ उडाला, त्या रात्री तुम्ही म्हणालात, ‘चुकलंच माझं.’”

ते खुर्चीवर बसले. मग हात पुढे केला. “ते कानातलं दे जरा.”

मी काढून दिलं. त्यांना ते बसेना, मी बसवून दिलं. पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी हे सगळं ऐकलं असावं, कारण दाराच्या फटीतून मला त्यांची छाती आत ओढली जाताना दिसली. सासरे डोळे मिटून कानाने ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं.”

नाक पुसलं. “पाण्याचा दाब तीस वर्षं सांभाळला मी. एक बायको सांभाळता येणार नाही का? आयावाल्यांचा नंबर दे.”

त्यांनी आयावाल्यांना वीस मिनिटं समजावलं. त्यांनी कंटाळून होकार दिला असावा.

माझा कान उघडा होता. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येतो, हे मला माहीतच नव्हतं.

रविवार, २९

नवरा जेवायच्या आधीच निघाला. “तू ठरवलंच आहेस, तर मी कोण?”

“तू नवरा,” मी म्हणाले. “उद्या मी जाणार आहे.”

“रात्रभर विचार कर. सकाळी फोन करतो.”

मी ‘बघते’ म्हणाले नाही. त्याच्यासाठी मांडलेलं ताट उचलून ठेवलं.

सोमवार, ३०

बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं.

आया पावणेआठला आली. थोराड बाई, चप्पल काढतानाच म्हणाली, “काकांनी फोनवर पाइपलाइनबद्दल फार छान सांगितलं.” आतून श्वा. सासरे कानातलं दाबत अभिमानाने म्हणाले, “बघ, हे हसणं. घाबरू नको.” नऊ नंबर दहाला येणार आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार.

माझी बॅग दारात होती. आठ वाजून पाच मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. “काय ठरलं?” “निघालेय.” “तू आईला तरी विचारलंस का? तिला चालणार आहे का?”

हे मी खरंच विचारलं नव्हतं. आठवड्याभरात मी बाबांशी बोलले, डॉक्टरांशी, आयावाल्यांशी. फोनचा आवाज मोठा केला आणि सासूबाईंपुढे धरला. “तूच विचार,” म्हटलं.

“आऽऽई!” तो ओरडला. “ही निघाऽऽलीय! तुला सोऽऽडून जाऽऽतेय! तुला चाऽऽलेल काऽऽ?”

सासूबाईंनी मान डावीकडे कलती केली, पट्टीची खाच आहे त्या बाजूला. पूर्ण ऐकून घेतलं, कुणाचाही निरोप ऐकावा तसं. मग माझ्याकडे पाहिलं, दारातल्या बॅगेकडे पाहिलं, आणि त्यांची छाती आत ओढली गेली.

“ऐकलंस?” फोनमधून आवाज आला. “श्वास अडकला तिचा! पाणी दे! मी म्हणत नव्हतो? अगं, पाणी...”

सासूबाईंनी डावा अंगठा पुढे केला आणि लाइन तोडली.

“बरं बरं,” त्या मला म्हणाल्या. चढता. सेकंद मोजले नाहीत.

फाटकापासून पावलं मोजणार नव्हते, पण बाविसाव्याला पाय आपोआप थबकले. कानात खरखर नव्हती. कानात काहीच नव्हतं. दुकानदाराने मान वर करून पाहिलं. मी पुढचं पाऊल टाकलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिसऱ्या थांब्यापाशी मला अचानक सासरे आठवले, हात वर, पँट कोपराने धरलेली, तोंडाने “हो. हो. हो.” माझं तोंड उघडलं, छाती आत ओढली गेली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

शेजारच्या बाईने घाईघाईने पर्स उघडली आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.